खालचा आवाज

पाय जपून टाका. काठावरच्या फळ्यांवर बर्फ गोठलाय आणि खाली साल्झाख नदी करड्या पाण्यानं वाहतेय. तुम्ही ओबर्नडॉर्फमध्ये आहात. दक्षिणेकडे तोंड केलंत तर वीसेक किलोमीटरवर साल्झबुर्ग आहे. तारीख २४ डिसेंबर १८१८, वेळ सकाळची.

तुम्हाला इथं एका गाण्यासाठी आणलंय. शब्द तयार आहेत, चाल अजून लागलेली नाही. आज संध्याकाळपर्यंत ती लागेल आणि रात्री गाणं म्हटलं जाईल. तुम्ही ते लहानपणापासून ऐकलंय, शाळेच्या गॅदरिंगमध्ये, सिनेमात, डिसेंबरात दुकानांच्या स्पीकरवर. 'सायलेंट नाईट'. ते माझं सगळ्यात जवळचं गाणं आहे. नगरच्या घरात बसून 'का' ते सांगायला गेलो की नुसती विशेषणं तोंडात येतात. म्हणून तुम्हाला थेट इथं घेऊन आलो.

आधी नावा बघा. लांब, सपाट तळाच्या, एकीला एक बांधून ठेवलेल्या. वरच्या अंगाला हालाइन आहे, तिथल्या डोंगरातलं मीठ याच पाण्यावरून खाली जातं. लाउफेनच्या वळणापाशी पात्रात खडक आहेत, म्हणून माल उतरवायचा, पुन्हा चढवायचा. त्या कामावर हे गाव जगतं. नावाडी, हमाल, नावा बांधणारे सुतार. हिवाळा लागला की वाहतूक बंद आणि मजुरीही बंद. मग हेच नावाडी नाटकाचे खेळ करत गावोगाव हिंडतात.

आता पलीकडे बघा. चर्चचा मनोरा आणि दाटीनं उभी असलेली घरं दिसतात ते लाउफेन. दोन-अडीच वर्षांपूर्वीपर्यंत ओबर्नडॉर्फ हा त्याच गावाचा एक भाग होता. नेपोलियनची युद्धं चालली तोवर साल्झबुर्गच्या मुलखाचा धनी पुन्हा पुन्हा बदलला. शेवटी १८१६ साली नदीलाच सरहद्द केलं. लाउफेन बव्हेरियात गेलं, तुमच्या पायाखालची बाजू ऑस्ट्रियात. बाजार तिकडे, मोठं चर्च तिकडे, सोयरेधायरे तिकडे. या काठाला उरलं ते नावाड्यांच्या संताचं, संत निकोलसचं चर्च. त्यालाच नव्यानं पॅरिश ठरवलं. तेव्हा आज रात्री इथं जमणारी माणसं म्हणजे हातात काम नसलेली, गावाचे दोन तुकडे झालेली आणि युद्धाला कंटाळलेली माणसं आहेत, हे मनात असू द्या.

तो काळ्या झग्यातला तरुण येतोय, तो योझेफ मोर. इथला सहायक धर्मगुरू, वय २६. गिटार वाजवतो, नावाड्यांत मिसळतो, त्यांच्याबरोबर गातो. त्याचे वरिष्ठ नोस्टलर यांना हे मुळीच पसंत नाही. याला पोच नाही, धर्मगुरूला न शोभणारी गाणी म्हणतो, अशी त्यांची वरपर्यंत तक्रार आहे. त्याच्याकडे नीट बघून घ्या, कारण याचं एकही चित्र मागे उरणार नाही.

त्याच्या जन्माची गोष्ट इथंच सांगतो. ११ डिसेंबर १७९२, साल्झबुर्ग. आई आन्ना शोइबर विणकाम करून पोट भरणारी. वडील फ्रान्झ मोर शिपाई, मूल जन्मायच्या आधीच पलटणीतून पळून गेलेले. लग्नाबाहेरच्या मुलाचा बाप्तिस्मा करायचा, तर गॉडफादर म्हणून नाव कुणाचं लावायचं? नाव लागलं फ्रान्झ योझेफ वोलमुट याचं. हा साल्झबुर्गचा जल्लाद. जल्लादाच्या पंक्तीला बसणं भल्या घरच्यांना चालत नसे. तोही स्वतः आला नाही. त्याच्या वतीनं त्याची स्वयंपाकीण बाळाला घेऊन उभी राहिली. पुढे कॅथीड्रलमधले एक धर्मगुरू, योहान हिर्नले, यांनी या मुलाचा आवाज हेरला, त्याला शिकवलं. दीक्षेच्या वाटेवर पुन्हा जन्म आडवा आला. लग्नाबाहेरच्या मुलाला त्यासाठी खास परवानगी काढावी लागे. ती काढली आणि १८१५ साली तो धर्मगुरू झाला.

हे वाचलं त्या दिवसापासून गाणं माझ्यासाठी बदललं. माझे पणजोबा नगर जिल्ह्यातल्या एका खेड्याच्या महारवाड्यातले. १८९९-१९००च्या दुष्काळात ते पोरकं पोर म्हणून मिशनच्या आश्रयाला आले, तिथं जेवले, तिथं अक्षर शिकले, तिथंच ख्रिस्ती झाले. गावाच्या विहिरीवर त्यांना जायची मुभा नव्हती. त्यांच्या मुलांनी आणि नातवंडांनी हे गाणं मराठीत वर्षानुवर्षं म्हटलं. गोऱ्या साहेबांच्या देशातल्या कुणा थोर माणसाची रचना असणार, अशी आमच्या घरात सर्वांची समजूत. आणि लिहिणारा निघाला कोण, तर ज्याच्या बाप्तिस्म्याला जल्लादाखेरीज दुसरं नाव मिळालं नाही तो विणकाम करणाऱ्या बाईचा पोर. माझ्या पणजोबांना हे सांगता आलं असतं तर फार बरं झालं असतं. तुम्हाला सांगतोय.

शब्द त्यानं दोन वर्षांपूर्वी लिहिले आहेत. तेव्हा तो डोंगरातल्या मारियाफार गावी होता. ते १८१६ साल होतं. आदल्या वर्षी एप्रिलात इंडोनेशियातला तांबोरा ज्वालामुखी फुटला, त्याची राख आणि गंधकाचे वायू आभाळात इतके पसरले की युरोपात त्या साली उन्हाळा आलाच नाही. पिकं बसली, धान्य महागलं. युद्ध नुकतंच संपलेलं होतं. अशा वर्षात हा तेवीस-चोवीस वर्षांचा मुलगा शांत रात्र, झोपलेलं बाळ आणि जागे असलेले आईबाप यांच्याबद्दल सहा कडवी लिहितो. भुकेलेल्या गावात राहून लिहिलेल्या त्या ओळी आहेत, एवढं ध्यानात ठेवून पुढे चला.

अर्ध्यापाऊण तासाची वाट आहे, आर्न्सडॉर्फची. चर्चला लागून ती शाळा. खाली वर्ग, वर मास्तरांचं बिऱ्हाड. मास्तरांचं नाव फ्रान्झ झेव्हर ग्रूबर, वय ३१. हा विणकराच्या घरातला. मुलानं मागावर बसावं ही वडिलांची इच्छा. गावच्या मास्तरानं त्याला वाजवायला शिकवलं. आता तो इथं मुलांना शिकवतो, चर्चची देखभाल करतो, घंटा वाजवतो आणि पगार पुरत नाही म्हणून ओबर्नडॉर्फला जाऊन ऑर्गनही वाजवतो. साऱ्या आयुष्यात त्याला एकूण बारा मुलं होतील आणि त्यांतली चारच मोठी होतील. बाळाच्या गाण्याला चाल लावायला बसलेल्या या माणसाबद्दल मला ते विसरता येत नाही.

मोरचा कागद त्याच्या हातात आहे. मागणी अगदी नेमकी आहे. दोन आवाज, सोबत गायकवृंद, साथीला गिटार. ऑर्गन नाही. चर्चच्या ऑर्गनचा भाता उंदरांनी कुरतडला म्हणून गिटार आली, ही गोष्ट तुम्ही कुठं तरी वाचली असेल. ती मागाहून रचलेली आहे. ग्रूबरनं स्वतः जे लिहून ठेवलं त्यात उंदीर कुठेच नाहीत. मला उंदरांवाचूनची हकीकत जास्त आवडते. मोरला गिटार येत होती, ग्रूबरला चाल बांधता येत होती, दोघांनाही गाता येत होतं. हाताशी होतं तेवढ्यात त्यांनी भागवलं.

मास्तरांच्या खांद्यावरून बघा. डी मेजर, म्हणजे आपल्या पेटीवर पांढरी दोनचा षड्ज. सहा मात्रांची लय. दादरा ऐकत वाढलेल्या माणसाचा हात इथं आपोआप मांडीवर पडू लागतो. पाळण्याची दोरी ओढायची आणि सोडायची, त्याच अंतरानं ही चाल पुढे येते, मागे जाते. सुरुवात पंचमावर, तिथून धैवताला नुसता स्पर्श करून परत पंचम आणि मग खाली गंधारावर विसावा. पहिली ओळ एवढ्याच तीन सुरांत संपते. कसलेल्या गळ्याची गरज नाही. चाल शेवटाकडे एकदाच वर चढते आणि लगेच षड्जावर उतरते. दिवसभर मुलांना गिरवायला लावणाऱ्या मास्तराला ठाऊक असतं की ऐकल्याबरोबर पाठ व्हायला हवं, कारण तालमीला वेळ नाही. आज संध्याकाळीच गायचंय.

रात्र. संत निकोलसच्या चर्चमध्ये शिरा, जागा मिळेल तिथं उभे राहा. माणसांच्या ओल्या लोकरीच्या कपड्यांचा वास, मेणबत्त्यांचा वास, आणि थंडी अशी की गर्दीत असूनही तोंडातून वाफ निघतेय. मिस्साची भाषा लॅटिन. नावाड्यांना ती कळत नाही, ते गुडघे टेकायचे तिथं टेकतात, उठायचे तिथं उठतात. मग दोघं जण पुढे येतात. मोरच्या गळ्यात गिटार. चर्चमध्ये गिटार! हे वाद्य खानावळीत वाजतं. मागच्या रांगेतला एकजण मान उंचावून बघतो.

आणि पहिली ओळ येते, जर्मनमध्ये, त्यांच्या घरच्या भाषेत.

तुम्हाला वाटतं त्यापेक्षा लय थोडी चालती आहे. आपण ऐकतो ते संथ, लांबवलेलं रूप पुढच्या काळातलं. वरचा आवाज मोरचा, त्याच्याखाली ग्रूबरचा. कडव्याच्या शेवटी गायकवृंद शेवटच्या ओळी उचलतो. तुम्ही वरच्या आवाजामागे जाऊ नका, तो तुम्हाला पाठ आहे. खालचा ऐका. तो पुढे येत नाही, वरच्याच्या बरोबरीनं, ठरावीक अंतर राखून खालून चालतो.

हा आवाज मला लहानपणापासून ओळखीचा आहे. माझे वडील एस.टी.च्या वर्कशॉपात फिटर होते. गाणं शिकलेले नव्हते, नोटेशन वाचता येत नव्हतं. नगरच्या आमच्या चर्चमध्ये पेटी, तबला, झांजा, आणि पुरुषांच्या बाजूला शेवटच्या बाकावर ते. नाताळच्या उपासनेत सारी मंडळी वरची चाल म्हणायची आणि ते एकटे खालची. कुणा मिशनरी बाईंच्या गायकवृंदातून आजोबांकडे ती आली होती, आजोबांकडून त्यांच्याकडे, सगळी कानांवरून. मी त्यांच्या मांडीशी बसायचो, त्यामुळे माझ्या कानात ती चालच आधी शिरली. शाळेत बाईंनी 'सायलेंट नाईट' बसवलं तेव्हा सगळी मुलं भलतंच काहीतरी गातायत असं मला वाटलं होतं. डिझेलचा वास कधीच पुरता न गेलेले त्यांचे हात गुडघ्यावर सहा मात्रा मोजत असायचे. ते गेले त्या डिसेंबरात मंडळीनं गाणं म्हटलं, चाल एका सुरानंही उणी नव्हती, पण खालून आधार काढून घेतल्यासारखी ती मला उघडी वाटली. पुढच्या वर्षी मी त्यांच्या बाकावर बसलो आणि खालची चाल धरली.

इकडे लक्ष द्या, चौथं कडवं आलं. हे तुम्ही ऐकलेलं नाही. जगभर साधारण तीनच कडवी म्हणतात, पहिलं, दुसरं आणि सहावं. मधली गळतात, आणि त्यांच्याबरोबर चौथंही. त्यात मोर म्हणतो की येशूनं जगातल्या साऱ्या लोकांना भाऊ मानून कवेत घेतलं. नदीपलीकडे लाउफेन आहे आणि त्याला आता परदेश म्हणायचं, हे ऐकणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. मंडळीचे चेहरे बघा. माझ्या मते गाण्याचा प्राण याच कडव्यात आहे, आणि आपण नेमकं तेच टाकून दिलं.

गाणं संपतं. लोकांना आवडतं. टाळ्या नाहीत, चर्चमध्ये त्या असतही नाहीत. माणसं बाहेर पडतात, बर्फात पायांचे आवाज होतात. इथं ते विसरलं गेलं असतं तरी कुणाला आश्चर्य वाटलं नसतं. एका रात्रीची नड होती, ती भागली.

आता भराभर चला, कारण गाणंही भराभर गेलं. टिरोलच्या त्सिलरतालमधला कार्ल माउराखर ऑर्गन दुरुस्त करायला ओबर्नडॉर्फला येतो, जाताना गाणं घेऊन जातो. त्याच्या मुलखात राइनर घराण्याची भावंडं ते म्हणू लागतात. श्ट्रासर नावाची भावंडं हातमोजे शिवून जत्रेत विकतात, लाइपझिगच्या बाजारात गिऱ्हाईक जमवायला गातात, आणि १८३२च्या सुमारास तिथं मैफलीतही गातात. ड्रेस्डेनच्या प्रकाशकाकडून ते टिरोलचं लोकगीत म्हणून छापलं जातं. मोर नाही, ग्रूबर नाही. १८३९ साली राइनर मंडळी ते न्यूयॉर्कला पोचवतात. कुणी म्हणतं हायडनचं, कुणी म्हणतं मोझार्टचं.

वाग्राइनमध्ये क्षणभर थांबू. ४ डिसेंबर १८४८. मोर इथं वारला, फुप्फुसाच्या आजारानं, ५६ व्या वाढदिवसाच्या आठवडाभर आधी. गावच्या मुलांसाठी त्यानं शाळा उभी केली, स्वतःजवळ काही ठेवलं नाही. गाणं किती दूर गेलं हे त्याला कळलं नाही. चित्र नव्हतं, म्हणून १९१२ साली एका शिल्पकारासाठी त्याची कवटी थडग्यातून काढली. ती आज ओबर्नडॉर्फच्या छोट्या चॅपेलच्या भिंतीत आहे. तुम्ही ज्या चर्चमध्ये उभे होतात ते पुरांनी खिळखिळं झालं, पाडावं लागलं. त्या जागेवर हे चॅपेल १९३७ साली झालं.

आणि ३० डिसेंबर १८५४, हालाइन. ग्रूबर म्हातारा झालाय, इथल्या चर्चचा संगीतप्रमुख आहे. बर्लिनच्या राजदरबारी गायकवृंदाकडून विचारणा झाली आहे की हे गाणं नक्की कुणाचं? तो टाक घेऊन बसतो आणि थोडक्यात लिहून देतो. तारीख, मोरनं दिलेला कागद, दोन आवाज आणि गिटारची मागणी, त्याच संध्याकाळी केलेली चाल, लोकांची पसंती. तक्रार नाही, मोठेपणा नाही. मोरचं नाव आधी, स्वतःचं नंतर. मोरची गिटार आज हालाइनच्याच संग्रहालयात आहे. कधी युरोपला गेलात तर साल्झबुर्गच्या किल्ल्याचा फोटो काढून लगेच परत फिरू नका, तिथून हालाइन जवळ आहे.

पहिल्या महायुद्धातल्या फ्लँडर्सला, १९१४च्या नाताळच्या आदल्या रात्री, मी तुम्हाला फार वेळ ठेवणार नाही. चिखल आहे आणि मधल्या पट्ट्यात मुडदे आहेत. जर्मन खंदकातून तेच गाणं येतं, समोरून इंग्रज आपल्या भाषेत साथ देतात, सकाळी माणसं खंदकाबाहेर येऊन हात मिळवतात आणि आपापले मृत पुरतात. त्या हिवाळ्यात फ्रान्सच्या खंदकांत हिंदुस्थानी पलटणीही होत्या. नंतर गोळीबार पुन्हा सुरू झाला. गाण्यानं युद्ध थांबवलं असं कुणी सांगितलं तर मान्य करू नका. त्यानं काही ठिकाणी, काही तास, दोन्हीकडच्यांना एक चाल दिली. मला ते पुरेसं वाटतं.

नगरला परत येताना एका माणसाचं नाव घेतल्याशिवाय राहवत नाही. नारायण वामन टिळक. १८९५ साली ख्रिस्ती झाले, आमच्याच नगर-राहुरीच्या भागात राहिले आणि अभंग, पदं, कीर्तन यांतून ख्रिस्ताचं गाणं मराठी केलं. आपल्या माणसांनी आपल्या चालीत भजावं, परक्या चालींवर कायमचं अवलंबून राहू नये, हा त्यांचा आग्रह, आणि तो मला पटतो. आमच्या 'उपासना संगीत'मध्ये त्यांची पदं मी या गाण्यापेक्षा जास्त वेळा म्हटली आहेत. तरीही डिसेंबरात मी साल्झाखच्या काठी जातो, कारण तिथल्या त्या दोघांनीही तेच केलं होतं. लॅटिन चालू असलेल्या चर्चमध्ये खानावळीतलं वाद्य आणि घरची भाषा घेऊन ते उभे राहिले.

तुम्ही आता आमच्या चर्चच्या आवारात आहात. रविवार आहे, उपासना झाली आहे, चहाचे कप गोळा होतायत आणि नाताळच्या तालमीला मंडळी थांबली आहे. ग्रूबरनं पांढरी दोन धरली होती. ती सगळ्यांना झेपत नाही, म्हणून आम्ही काळी पाचवर उतरून घेतो. वरच्या चालीला माणसं उदंड आहेत. खाली आम्ही दोघंच, मी आणि बारावीतला एक मुलगा. त्याचा आवाज नुकताच फुटलाय आणि तिसऱ्या ओळीत शेजारच्यांचं ऐकून तो हमखास वर जातो. यंदा चौथं कडवंही म्हणायचं ठरवलंय. त्याचं मराठी मी करतोय, आणि 'साऱ्या लोकांना'पाशी एक मात्रा जास्त होतेय. तिच्यावर तुम्हाला काही सुचलं तर सांगा. गळा खालचा असेल तर शेवटच्या बाकावर जागा आहे, या पोराच्या दुसऱ्या बाजूला बसा आणि तिसरी ओळ जरा ठाम धरा.